घोगऱ्यासारखं कोण गातं

आमच्या घरात संध्याकाळचं जेवण तबकडी लावल्याशिवाय होत नसे, आणि तबकडी होती एकच. त्यातही एकच बाजू वाजायची. दुसऱ्या बाजूला एवढा खोल चरा गेला होता की सुई तिथं अडकून तोच एक शब्द म्हणत बसायची. चांगल्या बाजूवर कुणी परदेशी माणूस गिटार वाजवत इंग्रजीत गायचा. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. तबकडीवरचा मधला कागद ओलीनं निघून गेलेला, पुठ्ठ्याचं वेष्टन तर आम्हाला मिळालंच नव्हतं. आवाज जाडाभरडा, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, शशीदादानं, त्याचं नाव ठेवलं घोगऱ्या. दादा कामावरून आला की हात धुता धुता "लाव गं घोगऱ्याला" म्हणायचा, मी सुई टेकवायची, आणि स्वयंपाकघरातली भाकरीची थापथाप थांबायची. मग आई ताटं घेऊन बाहेर यायची. हल्ली माझी नात कानात गाण्याची बोंडं घालून जेवते आणि तिची आई तिच्यावर ओरडते, तेव्हा मी गप्प बसते. त्या बाबतीत बोलायला मला तोंडच नाही.

घोगऱ्या आमचा कोण लागत होता हे सांगायचं तर आधी आबा सांगायला हवेत. आबा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीच्या बाजारात ते गुळाचे सौदे, म्हणजे लिलाव, पुकारायचे. ढेपांच्या रांगा लागलेल्या, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि आबा एकेका रांगेपुढं उभे राहून, एक हात कानावर ठेवून भाव चढवत न्यायचे. भाव तुटला, सौदा ठरला की शेवटचा बोल लांबवायचे. तो वर कुठंतरी सुरू व्हायचा आणि घसरत घसरत पार छातीत जाऊन बसायचा. वर्षानुवर्षं ओरडून त्यांचा गळा जाड झाला होता. घरात ते फार बोलत नसत. गळा दुखतोय म्हणायचे आणि गरम पाण्यात सुंठ-गूळ घालून पीत बसायचे. पण रोज संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी आले की तिथूनच एक हाक द्यायचे, "आलो गंऽऽ." ती हाकही सौद्यातल्यासारखीच, वरनं खाली येणारी. ती कानावर आली की आई तवा ठेवायची. ते जेवले की मग ती जेवायची. त्याआधी तिनं अन्नाला हात लावलेला मी पाहिला नाही. आम्ही चेष्टा करायचो, की आबा चार दिवस परगावी राहिले तर आई उपाशीच मरायची. असल्या चेष्टा माणसानं करू नयेत.

आबा बाजारातच गेले. दुपारी ढेपांना टेकून बसले आणि उठलेच नाहीत. लोकांना वाटलं, डोळा लागलाय. तेव्हा मी कॉलेजात जेमतेम पाऊल टाकलं होतं आणि दादा माझ्या पुढं दोन वर्षं होता. दिवस-कार्य झालं, पावणंरावळं गेलं, आणि मग आमच्या ध्यानात आलं की आई जेवत नाही. स्वयंपाक करायची, आम्हाला गरम गरम वाढायची, खर्ड्यावर तेल सोडायची, सगळं नेहमीसारखं. "तुम्ही बसा, मी मागनं बसतो," म्हणायची. आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. पुढं पुण्याला सासरी गेल्यावर मला यावरून पुष्कळ हसले, ते असो. तर आई मागनं बसायची म्हणायची आणि बसायची नाही. तिच्या वाट्याची भाकरी सकाळी शेजारच्या म्हशीच्या पाटीत दिसायची. हात काड्यांसारखे झाले. डॉक्टरांनी ताकदीची बाटली लिहून दिली आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं, की अन्नावाचून दुसरं औषध नाही. मुरगूडची आत्या येऊन आठवडाभर राहिली, भांडली, रडली, पोरांकडं बघ म्हणाली. आई तिला म्हणायची, घासच उतरत न्हाय तर काय करू. हे मी वाढवून सांगत नाही: आई त्या वर्षी आमच्या हातातनं निघूनच चालली होती.

दादानं कॉलेज सोडलं आणि उद्यमनगरात एका कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिला. हात चांगला होता त्याचा. ऑइल इंजिनाचे भाग काढायचा, आणि घरी येताना कपड्यांना तेलाचा नि लोखंडाच्या किसाचा वास घेऊन यायचा. एकदा ताराबाई पार्कात कुणा साहेबाचा बंगला मोकळा झाला, त्यातलं सामान भंगारात आलं, आणि त्या ढिगात दादाला तबकड्या वाजवायचं मशीन दिसलं. आत एक तबकडी तशीच अडकलेली. आईच्या कानावर घरात काहीतरी पडत राहावं, एवढाच त्याचा विचार. मोटार चालू होती, पण तिच्या दांड्यावरची छोटी पुली, जिच्या जोरावर वरचं ताट फिरतं, ती झिजून गेलेली. तसली पुली बाजारात कुठली मिळायला. पण आमचं गाव असलं की इथं मिळत नाही ते माणूस स्वतः काढतो. दादानं जेवणाच्या सुटीत पितळेचा तुकडा लेथला लावला आणि डोळ्याच्या अंदाजानं पुली काढून आणली. ती इतकी देखणी होती की ती बसवायच्या आधी त्यानं मला तळहातावर घेऊन बघायला लावली.

पहिल्यांदा तबकडी लावली ती संध्याकाळ मला आजही नको वाटते. आधी नुसती खरखर, मग गिटारचे दोन-तीन स्वर, जड आणि सावकाश, ओल्या दोरावरून पाणी ओघळावं तसे. मग तो गायला लागला. माझ्या मानेवर काटा आला. शब्द इंग्रजी, एकही कळत नव्हता, पण आवाज आबांचा होता. तोच जाड गळा, आणि ओळीच्या शेवटी तसाच वरून खाली येणारा स्वर. मी दादाकडं बघितलं, तर तो भिंतीकडं बघत होता. आत थापथाप थांबली. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तबकडी संपेपर्यंत उभी राहिली, आत गेली, आणि तीन ताटं घेऊन बाहेर आली. तीन. आमच्याबरोबर बसून ती एक भाकरी आणि झुणका जेवली. मी आणि दादा एकमेकांकडं न बघता जेवत राहिलो. मला तर वाटत होतं, मान वर केली तर हे सगळं मोडेल.

तेव्हापासून तो रोजचाच परिपाठ झाला. घोगऱ्या गायला लागला की आई जेवायची, आणि एरवी नाही. वीज गेली की उपास. आबांची बसायची जागा, खिडकीखालची, तिथं कुणी बसायचं नाही. मशीनही तिच्या बाजूलाच ठेवलं होतं. शेजारच्या शिंदेकाकू एकदा दारात येऊन विचारून गेल्या, की रोज संध्याकाळी तुमच्यात कोण पुरुष माणूस येतंय व्हय. त्यांना मशीन दाखवलं तर त्या हसल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून निघून गेल्या आणि नंतर दिवेलागणीला आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. मी त्यांना दोष देत नाही. मलाही कधी कधी वाटायचं, खोलीत आम्ही तिघं नाही, चौघं आहोत. भीती वाटायची, आणि ती भीती जाऊ नये असंही वाटायचं. आईच्या अंगावर मांस धरायला लागलं होतं, मग आणखी काय पाहिजे.

पण रोज रोज घासली की तबकडी झिजतेच. दादा सुया घासून घासून वापरायचा, त्यांनीही ती आणखी खाल्ली. घोगऱ्याच्या मागं आधी पावसासारखी सरसर यायला लागली, मग ओळीतले शब्द गळायला लागले. एके दिवशी दादानं मला अंगणात बोलावून सांगितलं की ही काही फार दिवस चालत नाही, आणि ही संपली की आईचं काय हे तू सांग. त्याचा चेहरा असा झाला होता की मला आधी त्याचाच राग आला. नाव नाही, कागद नाही, ही तबकडी दुसरी आणायची कुठनं? मग असं ठरलं की घोगऱ्यासारखं गाणारं दुसरं कुणीतरी शोधायचं. जगात एवढी माणसं, एखादा तरी असेलच की. आणि हे काम माझ्याकडं आलं, कारण दादाला लेथवरनं सुटी नव्हती आणि मला इंग्रजी येतं असा त्याचा समज होता.

लक्ष्मीपुरीत अत्तारचाचांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. कोरी कॅसेट द्यायची, कुठली गाणी पाहिजेत ते सांगायचं, दोन दिवसांनी घेऊन जायचं. लोक भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी भरून न्यायचे. पण चाचांकडं एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात कॉलेजच्या मोजक्या पोरांसाठी इंग्रजी तबकड्या होत्या. मुंबईच्या जुन्या बाजारातनं गठ्ठ्यानं उचलून आणलेल्या. चाचा बोलायला मोठे गमतीचे, दाढीला मेंदी, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी गाणं अर्ध्यात बंद करायचे नाहीत. मी त्यांच्यापुढं जाऊन घोगऱ्याची नक्कल करून दाखवली. भर दुपारी, रस्त्यावर माणसं, आणि मी गळा जाड करून हूं हूं करतेय. चाचांनी ते सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि ट्रंक उघडली.

मग मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथं जायला लागले. पायरीवर उभी राहून ऐकायची. चाचा एकेक तबकडी लावायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. एक होता तो गाताना पाय आपटायचा, त्याचा पायच जास्त ऐकू यायचा. त्याला मी पायठोक्या म्हणायची. दुसरा तारांवरून काचेच्या बाटलीचं तोंड फिरवायचा आणि गिटार अगदी माणसासारखी कण्हायची. एक आंधळा म्हातारा होता, दुःखाचं काहीतरी म्हणता म्हणता मध्येच हसायचा. काही नवे होते, विजेच्या गिटारी घेतलेले, ते अर्धी ओळ गाऊन सोडून द्यायचे आणि उरलेली गिटारीकडून बोलवून घ्यायचे. चाचा म्हणायचे, हा ह्याच्याकडनं शिकला, तो त्याच्याकडनं. आपल्याकडं घराणी असतात तसंच त्यांचं. मी प्रत्येकाला नाही म्हणायची. नाही चाचा, आमचा याच्यापेक्षा जाड आहे. नाही चाचा, आमचा एवढी घाई करत नाही. ट्रंक तळाला आली तरी घोगऱ्यासारखा सापडेना.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. आईसाठी म्हणून शोधता शोधता मीच त्या माणसांच्या नादाला लागले होते. घरी भाकरी करताना पायठोक्याच्या तालावर थापायची. त्यांचे शब्द कळत नव्हते, पण ज्याचं काहीतरी गेलंय अशा माणसाचा आवाज कुठल्याही मुलखात सारखाच लागतो, हे मला त्या पायरीवर कळलं, आणि त्या वयात ते कळणं म्हणजे आधार होता. आज माझ्याकडं त्या सगळ्यांच्या तबकड्या आहेत. मुलगा म्हणतो, आई, तुझ्या वयाच्या बायका हरिपाठ ऐकतात. तोही ऐकते की. एक ऐकलं म्हणून दुसरं ऐकू नये असं कुठं लिहिलंय?

शेवटी चाचाच कंटाळून म्हणाले, तुमची ती मूळ तबकडीच घेऊन या बघू एकदा. मी ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, छातीशी धरून चालत नेली. चाचांनी ती उन्हात धरून बघितली, फडक्यानं पुसली, आपल्या मशीनवर ठेवली. आणि कुणीतरी भलताच माणूस गायला लागला. तरणाबांड, पातळ गळ्याचा, गाणंही भराभरा पुढं चाललेलं. माझ्याच तबकडीची सरसर, माझ्याच ओळखीचे गळलेले शब्द, आणि आवाज परक्याचा. मी म्हटलं, चाचा, तुमचं मशीन पळतंय. चाचांनी मान हलवली आणि फिरत्या तबकडीच्या कडेला बोट अगदी हलकं टेकवलं. आवाज जाड झाला, खाली आला, आणि त्या दुकानात आबा उभे राहिले. चाचांनी बोट उचललं. आबा गेले.

"ताई, तुमचं मशीन हळू फिरतंय," चाचा म्हणाले. "ह्यो पातळ आवाज खरा. ह्येच्या दोन तबकड्या मागं एक गिऱ्हाईक भरून घ्यायला घेऊन आलं हुतं."

त्यांनी त्या गायकाचं नावही सांगितलं. ते मला आजही पाठ आहे, पुढं मी त्याचं सगळं मिळवून ऐकलं, मोठा माणूस आहे. पण त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण तो आमच्या घरी कधी आलाच नव्हता. जो आमच्या घरी जेवायला होता तो जगात कुठंच नव्हता. तो दादाच्या पुलीतला होता. घरी येताना मी सबंध रस्ता रडत आले, आणि ओळखीचं कुणी दिसलं की त्याच्यावरच खेकसत होते.

दादाला आधी ते पटलंच नाही. त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. माझी पुली चुकली म्हणतीस, असं तो दोनदा म्हणाला. मग त्यानं ती काढली आणि मापली. केसभर बारीक झाली होती, म्हणून वरचं ताट हळू फिरत होतं. दुसऱ्या दिवशी तो बरोबर मापाची दुसरी पुली काढून घेऊन आला. मी म्हटलं, बसवू नकोस. तो म्हणाला की खरं काय ते कळल्यावर खोटं चालवायचं कसं. त्या संध्याकाळी तो पातळ गळ्याचा पोरगा आमच्या घरात गायला. आई ताट घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. "ह्यो कोण?" म्हणाली. दादा म्हणाला, तोच आहे आई, घोगऱ्याच. "ह्यो न्हाय," असं म्हणून ती ताटासकट आत गेली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग दादानं मला काही न सांगता जुनी पुली परत चढवली.

आता आम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तरी तेच चाललं होतं, नव्हे, आता आम्ही ते जाणूनबुजून करत होतो. त्या गायकाची ती तबकडी चाचांना मुंबईतही मिळेना; पण शोधायचं काम आता सोपं झालं होतं. घोगऱ्यासारखा गाणारा कोण, हा प्रश्नच राहिला नव्हता. आमच्या मशीनवर कोण घोगऱ्या होतो एवढंच बघायचं. चाचा ट्रंकेतली तबकडी कुणाला बाहेर देत नसत, पण आईचं सगळं ऐकल्यावर त्यांनी मला गठ्ठाच बांधून दिला. आई अंबाबाईला गेली की आम्ही दोघं दार लावून एकेक लावून बघायचो. पायठोक्या आमच्या मशीनवर नुसता आजाऱ्यासारखा कण्हत होता. आंधळ्या म्हाताऱ्याचं हसू एवढं भेसूर झालं की मीच ते बंद केलं. गिटारवाली नवी पोरं जरा जवळ यायची, पण जीव नाही. गठ्ठ्याच्या तळाशी एका बाईची तबकडी होती; बाईची म्हणून मी बाजूलाच ठेवली होती. दादा म्हणाला, लाव तर खरं. मी लावली आणि बाई गेली, तिच्या जागी आबा आले. घोगऱ्यापेक्षाही जास्त आबा. गळ्यातली खरखर, दमून घेतलेला श्वास, सगळं. दादानं घाईघाईनं सुई उचलली.

"ह्योच," तो म्हणाला.

मला काही ते बरं वाटलं नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही. पण आईला जेवायला पाहिजे होतं.

संध्याकाळी ती तबकडी लावली. थापथाप थांबली, आई ताटं घेऊन आली, बसली. त्या दिवशी आमटी होती, कांदा-लसणाचं तिखट घालून लालभडक केलेली, आणि ज्वारीची भाकरी. आईनं घास मोडला, बुडवला, आणि तो हातातच राहिला. ती ऐकत होती. आमटी तिच्या बोटांवरून ताटात ठिपकत होती.

"हे दुसरंच हाय न्हवं?" तिनं विचारलं.

दादा व्हय म्हणाला. कोण आहे म्हणून तिनं विचारलं तेव्हा तो माझ्याकडं बघायला लागला. माझ्यानं खोटं बोलवेना. मी सांगितलं, की ही एक बाई गाते आहे, आपलं मशीन हळू फिरतं म्हणून आवाज असा येतो. पहिल्याचंही तसंच होतं, तेही सांगून टाकलं. आईनं घास ताटात ठेवला. मला वाटलं, झालं, आता ही उठणार.

ती उठली नाही. माझ्याकडं बघून बोलायला लागली, आबा गेल्यापासून एवढं लांबलचक ती बोललीच नव्हती. म्हणाली, "पहिला आला तवा मला वाटलं, तेच आलं. आता ही बाई बी मला तेच वाटतीया. उद्या तुम्ही कुणाला बी आणून बसवशीला, मला तेच वाटनार. मला आता भ्या वाटाय लागलंय, नंदे. त्यांची हाक मला आठवत न्हाय. सांजच्याला बोळाकडं कान लावतो, तर कानात ह्योच येतोय, विंग्रजीत."

मग तिनं आम्हा दोघांना विचारलं, तुम्हाला तरी आठवती काय.

मी डोळे मिटून आठवायला गेले. बोळाचं तोंड दिसलं, आबांची टोपी दिसली, काखेतली पिशवी दिसली, तोंड उघडलेलं दिसलं, आणि त्या तोंडातनं घोगऱ्याची ओळ बाहेर आली. ते आजतागायत तसंच आहे. मी साठी ओलांडली, दादाही गेला, आणि माझे वडील अजून माझ्याशी अशा भाषेत बोलतात जी त्यांना येतही नव्हती.

"शशा," आई म्हणाली, "तू जायाचास की त्यांच्यासंगं सौद्याला. दे बघू एकदा हाक."

दादा उठून उभा राहिला. आबा ठेवायचे तसा त्यानं कानावर हात ठेवला आणि हाक दिली, "आलो गंऽऽ." वर ठीक लागली. खाली येताना मात्र ती तिथं वळली जिथं घोगऱ्या वळतो. आम्हा तिघांनाही ते कळलं. दादानं पुन्हा दिली, पुन्हा तिथंच वळली. तो लेथवर काम करणारा दांडगा माणूस, पण तिसऱ्यांदा नुसतं तोंड उघडलं आणि खाली बसून ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, आबांचा आवाज मी घालवला आई, मी घालवला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याची काही चूक नव्हती. तिला जगवायला त्यानं जे हाताशी आलं ते केलं होतं, आणि ती जगली होती.

मशीनवर ती बाई तशीच गात होती. आई उठली. त्या मशीनला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. कसं बंद करतात तेही तिला माहीत नव्हतं. तिनं सुई चिमटीत धरून वर उचलली आणि तशीच धरून उभी राहिली, तेव्हा मी जाऊन बटण बंद केलं. घर एकदम गप्प झालं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, शिंदेकाकूंकडं कुकरची शिट्टी झाली. मशीन आल्यापासून वीज असूनही त्या वेळी घरात गाणारा आवाज नव्हता असं पहिल्यांदाच झालं होतं. ते खरंच गेले आहेत हे मला त्या क्षणी कळलं.

आई परत येऊन ताटावर बसली. मघाचा भिजलेला घास तिनं उचलला आणि तोंडात घातला.

"जेवा," ती म्हणाली. "ते काय आता येत न्हाईत."

ती जेवत होती आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं, दोन्ही एकदमच. भाकरी संपली तेव्हा मी तिला आणखी अर्धी वाढली. ती नको म्हणाली नाही.